माल कुठे गेला, ते लिहून ठेवलेलं आहे

माझी मावसबहीण वर्धा रोडवरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात २२ वर्षांपासून लेखापाल आहे. एका दुपारी तिला व्हॉट्सॲपवर प्राचार्यांचा मेसेज आला. फोटो त्यांचाच, भाषाही त्यांच्यासारखीच घाईची. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना गिफ्ट कार्डं द्यायची आहेत, घेऊन कोड पाठवा, पैसे संध्याकाळी देतो. साहेबांनी सांगितलेलं काम या बाईनं आजवर दुसऱ्या दिवसावर ढकललेलं नाही. स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून तिनं ५,००० रुपयांची ८ कार्डं घेतली आणि एकेक कोड पाठवला. "अजून चार लागतील" असा मेसेज आला तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. ती उठून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली, तर साहेब खुर्चीत बसून फाइल वाचत होते.

पंचवीसेक मिनिटांत ४०,००० रुपये गेले होते.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, त्यामुळे नातेवाईक अशा वेळी कायदा विचारायला येतात. तिनं कायदा विचारला नाही. "मी एवढी बावळट कशी झाली रे दादा?" एवढंच ती म्हणत होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण या गुन्ह्याबद्दल बोलताना आपण नकळत फसलेल्या माणसालाच उलटतपासणीला उभं करतो. ती बावळट नाही. वरिष्ठांचा शब्द पाळणं हा तिच्या नोकरीचा भाग आहे, आणि चोरानं नेमकी तीच गोष्ट वापरली.

पुढचे काही दिवस मी तिच्यासोबत फिरलो. १९३० या हेल्पलाइनवर तिनं तासाभरात फोन केला होता. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. बँकेनं सांगितलं की व्यवहार तुम्ही स्वतः ओटीपी टाकून केला आहे. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देतं, ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांत. तीन कामकाजी दिवसांत कळवलं आणि चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असेल, तर ग्राहकावर भार येत नाही. पण इथे परवानगी होती. फसवून घेतलेली असली तरी होती. कार्ड विकणाऱ्या कंपनीनं सांगितलं की कोड वापरले गेले आहेत, कोणी वापरले ते सांगता येणार नाही, पोलिसांचं पत्र आणा. आणि पोलीस ठाण्यात एका जमादारानं विचारलं, "ताई, कार्ड तुम्हीच घेतलं, नंबर तुम्हीच धाडला. मंग यात चोरी कशी काय झाली?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे, पण ते त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलेलं नाही. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

असा प्रकार घडला की आपल्याकडे पहिली मागणी शिक्षा वाढवण्याची होते. बार रूममध्ये होते, बर्डीच्या चहाच्या टपरीवर होते, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की आमदारांच्या भाषणातही होते. गिफ्ट कार्डाच्या फसवणुकीसाठी वेगळा गुन्हा करा, दहा वर्षं आत टाका, जामीन देऊ नका. चीड मला समजते. त्या आठवड्यात मलाही तसंच वाटत होतं. तरी ही मागणी चुकीच्या दाराशी उभी आहे, असं माझं मत आहे.

शिक्षा कमी आहे का, ते आधी पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. 'चारसोबीस' हा शब्द आपल्या जिभेवर राहिला, कलम मात्र आता ३१८ आहे. फसवून एखाद्याकडून मालमत्ता काढून घेतली तर ३१८(४) खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर ३१९ खाली ५ वर्षांपर्यंत, जी मर्यादा जुन्या कायद्यात ३ वर्षं होती. मोबाइल किंवा संगणक वापरून तोतयेगिरी केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. टोळीनं, वारंवार केलेलं असेल आणि त्या कलमाच्या अटी पूर्ण होत असतील, तर न्याय संहितेच्या १११ खाली संघटित गुन्हा, किमान ५ वर्षं ते जन्मठेप आणि किमान ५ लाख दंड.

एवढं सगळं पुस्तकात आहे. माझ्या बहिणीच्या फिर्यादीत काय आलं? तिसऱ्या खेपेला गुन्हा दाखल झाला, आणि कलम लागलं फक्त ६६ डी. तो गुन्हा जामीनपात्र आहे. ३१८(४) अजामीनपात्र आहे, पण ते लावलंच नाही. कायद्यात ७ वर्षांच्या जागी १० वर्षं लिहिली असती तरी या फिर्यादीत काडीचा फरक पडला नसता.

आणखी एक गोष्ट वकिलांना ठाऊक असते, बाहेर फारशी कोणी सांगत नाही. ३१८(४) चा खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, आणि त्या न्यायालयाला स्वतःच्या अधिकारात ३ वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. त्याहून जास्त द्यावी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. शिक्षा ७ वर्षांच्या वर नेली की खटला सत्र न्यायालयाकडे सरकण्याची शक्यता, जिथे खुनाचे, बलात्काराचे खटले आधीच रांगेत आहेत. ४०,००० रुपयांच्या कार्डाची पेशी त्या रांगेत कधी लागेल? फिर्यादी बाई तोवर निवृत्त झालेली असेल.

आता या गुन्ह्यातल्या त्या गोष्टीकडे येतो, जिच्याकडे मला सगळ्यांचं लक्ष वेधायचं आहे. रोख पैसे चोरले तर नोटेवर कोणाचं नाव नसतं. दागिना चोरला तर वितळवून त्याचा मागमूस मिटवता येतो. गिफ्ट कार्डाच्या कोडचं तसं नाही. तो कोड ऑनलाइन कामाला यायचा असेल तर कोणाच्या तरी खात्यात भरावाच लागतो. त्या खात्याला मोबाइल नंबर असतो. त्या पैशातून फोन घेतला, सोन्याचं नाणं घेतलं, की ते पोहोचवायला घराचा पत्ता लागतो. प्रत्येक पायरीची वेळ सेकंदासकट कंपनीच्या नोंदीत असते. चोरीचा माल कुठे गेला हे चोरीच्या क्षणालाच तिसऱ्या माणसाच्या वहीत लिहिलं जातं, असा दुसरा गुन्हा माझ्या वकिलीत मी पाहिलेला नाही. आणि तरी आपण म्हणतो, कोड वापरला गेला, आता काही होत नाही.

होतं. आणि त्यासाठीचा कायदा नवा लिहायचीही गरज नाही. न्याय संहितेत एक बदल झाला, त्यावर फारशी चर्चा झाली नाही. जुन्या दंड संहितेत 'चोरीची मालमत्ता' कोणती, याच्या व्याख्येत चोरी, खंडणी, जबरी चोरी, अपहार, विश्वासघात हे होते. फसवणूक नव्हती. म्हणजे एखाद्याला ठकवून काढलेला माल तुम्ही जाणूनबुजून विकत घेतलात, तरी चोरीचा माल घेतल्याचं कलम तुम्हाला लागत नव्हतं. नव्या संहितेच्या ३१७ मध्ये त्या यादीत फसवणूक हा शब्द घातला गेला. शिवाय 'जंगम मालमत्ता' या व्याख्येत पूर्वी फक्त मूर्त, हाताला लागणाऱ्या वस्तू होत्या, ती मर्यादाही काढून टाकली. दोन्ही एकत्र वाचा. ठकवून घेतलेला कोड आता चोरीचा माल आहे, असं म्हणायला कायद्याची पुरेशी जमीन आहे. तो माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून, बेइमानीनं घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद. आणि असा माल सवयीनं घेणाऱ्याला, त्याचा धंदा करणाऱ्याला, ३१७(४) खाली १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. ज्या दहा वर्षांसाठी आपण ओरडतो आहोत ती कायद्यात आहेत. ती माल पचवणाऱ्यासाठी आहेत.

इतवारीच्या सराफ्यात जा आणि कोणत्याही जुन्या पेढीवर विचारा. रात्री दुकान मिटायच्या वेळी अनोळखी पोरगं बिलाशिवाय मंगळसूत्र घेऊन आलं आणि निम्म्या भावात द्यायला तयार झालं, तर शहाणा सराफ हात लावत नाही. चोराला किती वर्षांची शिक्षा आहे हे त्याच्या डोक्यात नसतं. उद्या पोलीस चोराला घेऊन आपल्याच ओट्यावर पंचनामा करतील, माल जप्त होईल आणि आपल्यालाही सोबत नेतील, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दागिन्यांच्या चोरीला जेवढा आळा बसला, त्यातला मोठा वाटा या भीतीचा आहे. १०,००० चा कोड ७,००० ला टेलिग्रामच्या ग्रुपवर विकत घेणाऱ्याला अशी कोणतीही भीती नाही. तो स्वतःला चोर समजत नाही, हुशार गिऱ्हाईक समजतो. एवढा स्वस्त कोड आला कुठून, हे न विचारणं हेच 'समजायला कारण होतं' याचा पुरावा मानला पाहिजे, आणि एकदोन न्यायालयांनी तसं म्हटलं की हा बाजार बसेल.

मी एक अनुभव सांगतो. हिंगण्याकडच्या एका पॉलिटेक्निकच्या पोराच्या जामिनाचं काम माझ्याकडे आलं होतं. वय १९. कोणीतरी पाठवलेले कोड तो पुढे विकायचा, शेकडा तीन रुपये कमिशन. वडील कंपनीत कामगार, आई रडून रडून थकलेली. दोषारोपपत्रात तो होता. ज्या ग्रुपमधून कोड यायचे तो चालवणाऱ्याचं नाव दोषारोपपत्रात कुठेच नव्हतं, 'अज्ञात' असंसुद्धा नव्हतं. पोरगं निर्दोष होतं असं मी म्हणत नाही. पण शिक्षा दहा वर्षं केली, जामीन बंद केला, तर आत जाणार हीच पोरं, कारण हाताला लागतात ती हीच. ३१७ ची दोन टोकं आहेत, एकदा घेणारा आणि सवयीनं धंदा करणारा, आणि ही तफावत नीट वापरली तर कायदा आपोआप योग्य माणसावर जड पडतो.

परदेशातलं एक उदाहरण आपल्या राज्याशी जोडलेलं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून तरुण मुलं अमेरिकेतल्या लोकांना 'कर खात्यातून बोलतो' असं सांगून धमकावत, आणि थकबाकी म्हणून आयट्यून्सची गिफ्ट कार्डं घ्यायला लावून त्यांचे नंबर फोनवर वदवून घेत. अशाच जाळ्याच्या खटल्यात अमेरिकेच्या टेक्सासमधल्या न्यायालयानं जुलै २०१८ मध्ये २१ जणांना शिक्षा सुनावली, सर्वांत मोठी २० वर्षांची. २० वर्षांचा आकडा आपल्याकडे ठळक छापला गेला. त्यामागची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या आरोपींमध्ये तिथे, अमेरिकेत बसून, कार्डांचे पैसे करून पुढे फिरवणारे होते. तपास पैशाच्या मागे गेला म्हणून ते सापडले. आणि शिक्षेसोबतच पीडितांना सुमारे ९० लाख डॉलर भरपाई देण्याचा आदेश झाला.

तरी तिथेही हा धंदा संपला नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२३ साली लोकांनी गिफ्ट कार्डांतून २१ कोटी ७० लाख डॉलर गमावल्याच्या तक्रारी नोंदवल्या. तिथे आणखी एक प्रकार चालतो. दुकानाच्या रॅकवर टांगलेली कार्डं चोरायची, नंबर टिपून घ्यायचे, पाकीट पुन्हा चिकटवून ठेवायचं, आणि कोणी ते विकत घेऊन चालू केलं की पैसे काढून घ्यायचे. काही राज्यांनी यासाठी वेगळे गुन्हे लिहिले. मेरीलँडनं २०२४ मध्ये दुसरा रस्ता धरला. कार्डाचं पाकीट छेडछाड कळेल असं सुरक्षित हवं आणि दुकानातल्या माणसांना प्रशिक्षण हवं, ही जबाबदारी विकणाऱ्यांवर टाकली, जून २०२५ पासून. पाकिटाचा नियम आपल्याला फारसा लागू नाही, कारण आपण कार्डं बहुतेक ॲपवरूनच घेतो. विकणाऱ्यावरची जबाबदारी मात्र आपल्यालाही हवी.

कारण आज ती जवळपास नाही. तपास अधिकारी, फौजदारी तपासाची कार्यपद्धती सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ खाली, कंपनीकडे माहिती मागतो. बहिणीच्या प्रकरणात उत्तर यायला ७ आठवडे लागले. सरकारी अधिकाऱ्याला द्यायला बांधील असलेला दस्तऐवज जाणूनबुजून दिला नाही, तर न्याय संहितेत शिक्षा आहे एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. एका गिफ्ट कार्डाची किंमत! माझ्या मते शिक्षा वाढवायची असेल तर ती इथे वाढवा. फिर्यादीचा क्रमांक मिळाल्यावर ठरावीक तासांत कोड गोठवला नाही, कोणत्या खात्यात गेला ते कळवलं नाही, तर फिर्यादीचं नुकसान कंपनीनं भरायचं आणि वर दंड. कंपनी चोर आहे असं माझं म्हणणं नाही. पण वही तिच्याजवळ आहे, आणि वही उघडायला उशीर केला तर होणारं नुकसान दुसऱ्या कोणावर टाकणं न्यायाचं नाही.

'कार्ड म्हणजे रोख रक्कम, दिली की गेली' असं यावर सांगितलं जातं. ते खरं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार गिफ्ट कार्डाची कमाल किंमत १०,००० रुपये आहे, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, आणि त्यातून रोकड काढता येत नाही. ते रोखीसारखं वागू नये म्हणूनच हे नियम केले. अडचण अशी की एखाद्या कंपनीनं फक्त स्वतःचा माल घेण्यासाठी काढलेलं कार्ड असेल तर त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही. हे एक भगदाड आहे. दुसरं असं की १०,००० ची मर्यादा एका कार्डाला आहे, तासाभरात आठ कार्डं घेणाऱ्या घाबरलेल्या माणसाला ती थांबवत नाही.

थांबवणं जमतं. हरवलेल्या मोबाइलचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, मे २०२३ पासून देशभरात कुठेही ब्लॉक करता येतो. बर्डीतून चोरलेला फोन केरळात चालू होत नाही. यूपीआयवर अनोळखी माणसानं पैसे 'मागण्याची' सोय ठगांनी वापरली, तर व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारी ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. दोन्ही वेळा कोणाची शिक्षा वाढवली नाही, दार बंद केलं. कार्ड एकानं घेतलं आणि कोड दुसऱ्याच्या खात्यात पहिल्यांदाच भरला जातो आहे, तेही लागोपाठ चार-पाच, तर तो काही तास रोखून धरायला कोणतं तंत्रज्ञान कमी पडतं? भाचीच्या वाढदिवसाचं कार्ड संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी चालू झालं तर वाढदिवस बिघडत नाही. व्यापाऱ्यांची यावर कुरकुर होईल, ती ऐकूनही मी हेच म्हणेन.

सरकारनं लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले. एवढ्या आकड्यापुढे यंत्रणेचं लक्ष मोठ्या रकमांकडे जाणं साहजिक आहे. मे २०२५ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ई-झिरो एफआयआरमध्ये तक्रार आपोआप गुन्ह्यात बदलते, पण सुरुवातीला अट होती ती रक्कम १० लाखांच्या वर असण्याची. गिफ्ट कार्डाचा गुन्हा जवळपास नेहमीच त्या रेषेखाली राहणार. छोटी रक्कम चोरांच्या पथ्यावर पडते ती अशी. पगारदार माणसाला मात्र ४०,००० म्हणजे मुलीची वर्षाची फी असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७ खाली गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटता येते. एका ग्रुपवाल्याकडे शंभर जणांचे छोटे छोटे पैसे सापडले तर हे कलम त्यासाठीच आहे. मार्वेलसारखी पोलिसांसाठीची कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा सरकारनं नागपुरातच उभी केली आहे. विखुरलेल्या शंभर फिर्यादी एका मोबाइल नंबराशी जुळवणं हे तर यंत्राला माणसापेक्षा सोपं काम आहे.

सात आठवड्यांनी आलेलं कंपनीचं उत्तर माझ्या टेबलावर आहे. आठपैकी सहा कोड एकाच खात्यात भरले गेले. त्याच संध्याकाळी त्या खात्यातून एक मोबाइल मागवला गेला आणि तिसऱ्या दिवशी पोहोचला. मोबाइलचं मॉडेल, घेणाऱ्याचा नंबर, परराज्यातल्या एका गावाचा पत्ता, पिनकोड, सगळं त्यात आहे. त्या पत्त्यावर अजून कोणी गेलेलं नाही. बहिणीनं क्रेडिट कार्डाचा सहावा हप्ता भरला त्या दिवशी मी न्यायालयात अर्ज दिला, ३१८(४) आणि ३१७ ची कलमं वाढवावीत, तो मोबाइल जप्त करावा, आणि ज्याच्या हातात तो आहे त्याला विचारावं की हा कोड तुला कितीला मिळाला.